मुलं बरोबर असताना पक्ष्यांचे फोटो कसे काढता? (आणि मोठी लेन्स घ्यावी का?)

पाणवठा:
नमस्कार मंडळी. सुटीच्या दिवशी आम्ही चौघं तळ्याकाठी नाहीतर एखाद्या टेकडीवर जातो. थोरला दहाचा, धाकटी सहाची. बॅगेत क्रॉप सेन्सरचा (म्हणजे ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ७०-३०० मिमीच्या लेन्स. लेन्स बदलेपर्यंत पक्षी गेलेला असतो. नसला गेला तर धाकटी "बाबा, तो बघा!" म्हणून उडवते. जे मिळतात ते फोटो मऊ, म्हणजे धूसर. ऑटो मोड, ३०० मिमीला शटर १/२५० सेकंद दिसतंय. दुपारी पलीकडच्या काठावरचे बगळे तर चक्क विरघळल्यासारखे येतात. १५०-६०० मिमीची मोठी लेन्स घेऊन टाकावी असं मनात आहे. बोला.

जुनी तिपाई:
नका घेऊ. त्या लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात. धाकटी दमली की कडेवर कोणाला घेणार?

मऊपणाचं सांगतो. क्रॉप सेन्सरवर ३०० मिमी म्हणजे ४५० च्या जवळपास, आणि शटर साधारण त्याच आकड्याइतकं वेगवान लागतं, त्यामुळे नुसती हाताची थरथर टाळायलाच १/५०० हवं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. मॅन्युअल मोड, शटर १/१०००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) असेल तेवढं उघडं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो. उडत्या पक्ष्याला १/२०००. आयएसओ ३२०० ला गेला तरी बिचकू नका, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो. हललेल्या फोटोला इलाज नाही.

दुपारचे बगळे हा लेन्सचा दोषच नाही. तापलेली हवा लहरते आणि मध्ये जितकं अंतर जास्त तितकं चित्र बिघडतं. ६०० लावलीत तर लहरीही मोठ्या दिसतील! सकाळी जा, नाहीतर जवळचं टिपा. शिवाय मागे गडद झाडी असली की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि बगळ्याची पिसं पार पांढरीफटक होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे १ करून बघा.

आता मुलं. पाठलाग सोडा, एका जागी बसा. खंड्या ठरलेल्या फांदीवरून सूर मारतो आणि बरेचदा मासा घेऊन तिथेच परततो. पण लहान मुलांबरोबर माझी पहिली पसंती चतुराला. पाण्यातली उभी काडी शोधायची, तिच्या टोकावर फोकस करून ठेवायचा. तो उडतो, किडा धरतो, पुन्हा त्याच टोकावर. टेकल्यावर आधी पंख सपाट असतात. ते हळूच पुढे झुकवले की समजायचं, आता स्वारी बसणार. माझ्या भाचीकडे ते "झुकले!" म्हणायचं काम असतं. तिच्या ओरडण्याचं चतुराला काही नसतं, जवळ जाऊन हात हलवला तर मात्र पळतो. गुडघे चिखलात टेकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, फोटोच बदलतो.

लांबपल्ला:
तिपाईंशी अर्धा सहमत. लेन्स बदलण्याचा त्रास आहेच ना? मी डीएसएलआर घरी ठेवून ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता लांबवर झूम होणारा) नेतो. निकॉन पी९०० वापरलेला मिळाला तर घ्या, २४ ते २००० मिमीइतका आवाका आणि वजन ९०० ग्रॅम. सेन्सर छोटा, उजेड कमी झाला की मान टाकतो, हे मान्य. पण पक्षी ओळखण्यापुरता फोटो नक्की मिळतो आणि मुलंही हाताळू शकतात.

ओली माती:
दादा, सगळे पक्ष्यांवरच बोलतायत. टेकडीवर १८-५५ लावा आणि ती काढूच नका. एफ/८ अ‍ॅपर्चर पुरे, एफ/२२ ला गेलात तर डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरून) सगळंच मऊ होतं. मुलांना फ्रेमबाहेर हाकलू नका. वाटेवर पुढे गेलेली दोन छोटी माणसं नसतील तर टेकडी केवढी आहे ते कळतच नाही. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) सूर्याच्या काटकोनात सर्वात जास्त चालतो, पण १८ मिमीला आकाश एका बाजूने काळवंडतं, तेवढं बघा.

आणि घरटं दिसलं तर थांबायचं नाही. आईबाप लांब राहतात, पिल्लं उन्हात किंवा गारठ्यात उघडी पडतात. आड येणारी डहाळी बाजूला करणं तर मुळीच नको, ती त्यांना लपवायलाच असते.

पाणवठा:
आभार सगळ्यांचे. १५०-६०० चा विषय घरी काढतच नाही आता. एकच शंका, मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालतं का?

जुनी तिपाई:
बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत चालतं, काही जुन्यांत नाही. नसेल तर शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेरा) लावा, तिथे चालेल.