माशांच्या टाकीत १४ किलोचा दगड ठेवायचाय, काच टिकेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. चार बाय दीड बाय दीड फुटाची टाकी घेतलीय, काच १० एमएम, आफ्रिकन सिक्लिड मासे ठेवायचेत म्हणून गावाकडं बांधावरनं चार काळे दगड आणले, सगळ्यात मोठा रद्दीवाल्याच्या काट्यावर १४ किलो भरला (तो माझ्याकडं बघतच राहिला). दोन दिवस ब्रशनं घासतोय तरी खाचेतनं माती निघतीच आहे.

आता प्रश्न असा की आधी दगड का आधी वाळू? दुकानदार म्हणला वाळूवर ठेवा, पण हे मासे वाळू उकरत बसतात, खालनं पोकळ झालं आणि दगड कलंडला तर थेट पुढच्या काचेवर. मग काचेवर आधी थर्माकोल का प्लास्टिकची जाळी, आणि त्यावर दगड? थर्माकोल तरंगत वर नाही ना येणार? एकावर एक रचलेले दगड सिलिकॉननं चिकटवले तर धरतात का?

आणि एका दगडाच्या पोकळीत पांढरे खडे आहेत, लिंबू पिळलं तर बारीक फेस आला, म्हणजे चुना असणार. सिक्लिडना जड (जास्त क्षारांचं) पाणी चालतं, मग राहू दे का? रविवारी पाणी भरायचंय, बायकोनं आत्ताच सांगितलंय, हॉलमधी पूर आला तर फरशी तूच पुसायची.