अपक्ष खासदार 'तटस्थ' होता की 'गैरहजर'?

प्रश्न: दादरच्या एका साप्ताहिकासाठी अपक्ष खासदाराच्या संसदेतल्या कामगिरीवर टिपण करायचं आहे. 'अ‍ॅब्स्टेन' साठी कुणी 'तटस्थ' छापतं, कुणी 'मतदानाला दांडी'. कोणता शब्द घ्यावा?

– प्रसंग बघून. मतविभाजनात, म्हणजे प्रत्येकाचं मत यंत्रावर नोंदलं जातं तेव्हा, सदस्यापुढे तीन पर्याय असतात: हिरवं 'होय', लाल 'नाही', पिवळं 'तटस्थ'. पिवळं दाबलं तरच तटस्थ, तशी नावानिशी नोंद होते. सभागृहात नसेल तर 'गैरहजर', निषेध करून बाहेर पडला तर 'सभात्याग'. 'दांडी' मथळ्यापुरती ठीक. घटनादुरुस्तीत हे नीट बघा. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मोजताना तटस्थ धरत नाहीत. पण एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं, म्हणजे लोकसभेत 543 मध्ये 272. तिथे तटस्थ काय नि गैरहजर काय, बाजूचं एक मत कमीच.

– त्याआधी मतविभाजन झालं होतं का ते तपासा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि त्यात कोण काय म्हणालं याची नोंद राहत नाही. तिथे 'विरोधात मत दिलं' लिहू नका. भाषण असेल तर 'चर्चेत विरोध केला' लिहा. पडद्यावरचा आकडाही लगेच उचलू नये, यंत्रावर मत नोंदलं न गेलेल्यांच्या कागदी चिठ्ठ्यांनी दुरुस्ती होते. 17 डिसेंबर 2024 ला 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडताना पडद्यावर विरोधात 149 दिसले, चिठ्ठ्या धरून 198 झाले. नावांची यादी सभागृहाच्या कामकाजातून घ्यावी, बातमीतून नाही.

– मतविभाजनाला 'शिरगणती' म्हटलं तर चालेल का?

– लोकसभेच्या यंत्रावरच्या मतदानाला नाही. आपल्या विधान भवनात 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव 164 विरुद्ध 99 ने जिंकला, तिथे सदस्य एकेक करून मोजले, ती शिरगणती.

– अपक्षाने 'पक्षादेश झुगारला' हे हमखास छापून येतं. पक्षच नाही तर आदेश कुणाचा? 'पुरस्कृत अपक्ष' असला तरी व्हिप त्याला लागू नाही. आणि 'व्हिप' दोन अर्थांनी वापरतात, मराठीत त्याला दोन शब्द आहेत: आदेश तो पक्षादेश, बजावणारा तो प्रतोद.

– सांगलीचे विशाल पाटील 2024 ला अपक्ष निवडून आले आणि त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला. त्यांना 'काँग्रेसचे खासदार' म्हणू नये, 'काँग्रेसला पाठिंबा देणारे अपक्ष' म्हणावं. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी) अपक्ष निवडून आलेल्याने नंतर पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. पाठिंब्याला 'प्रवेश' म्हणणं म्हणजे त्याची खासदारकीच काढून घेणं.

– उपस्थितीची टक्केवारी वेगळ्या ओळीत द्या. ती हजेरीवरून काढतात. हजेरी लावून मतविभाजनाच्या वेळी गायब असणारेही असतात.