मदत हवी आहे: नव्या मॅकवर डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट टाकले, तरी ॲप साइन होत नाही

निशाचर:
आमच्या आयफोन ॲपची नवी आवृत्ती आज रात्रीपर्यंत ॲप स्टोअरकडे पाठवायची आहे. ॲपलच्या डेव्हलपर पोर्टलवरून डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट (ॲप आमचेच आहे हे सिद्ध करणारे डिजिटल प्रमाणपत्र) डाउनलोड करून कीचेनमध्ये (मॅकची पासवर्ड व सर्टिफिकेटांची तिजोरी) टाकले, प्रोव्हिजनिंग प्रोफाइलही (ॲप आणि सर्टिफिकेट यांची सांगड घालणारी फाइल) नव्याने घेतले, तरी एक्सकोड (ॲप तयार करण्याचे ॲपलचे सॉफ्टवेअर) साइनिंगला, म्हणजे ॲपवर डिजिटल सही करताना, अडते. सर्टिफिकेटची मुदत शिल्लक आहे. एक्सकोड पुन्हा इन्स्टॉल करायला कृपया कोणी सांगू नये, ते करून झाले आहे.

अनुस्वार:
हे सर्टिफिकेट मुळात कोणत्या मॅकवर तयार केले होते? पोर्टलवरून मिळणाऱ्या फाइलमध्ये केवळ पब्लिक की असते. सहीसाठी लागणारी गुप्त प्रायव्हेट की ज्या मॅकवरून सर्टिफिकेटची विनंती केली त्याच्या कीचेनमध्ये राहते, कोणी ती मुद्दाम दुसरीकडे नेली नसेल तर, आणि ॲपलकडे तिची प्रत नसते. कीचेन ॲक्सेस उघडून सर्टिफिकेटच्या नावाच्या डावीकडे लहान बाण दिसतो का, ते सांगावे; प्रायव्हेट की असेल तर ती त्या बाणाखाली दिसते.

कोकणस्थ_कोडर:
अँड्रॉइडवर प्ले ॲप साइनिंग (ॲपची मुख्य की गूगलने सांभाळण्याची सोय) घेतलेले असेल, तर अपलोड की हरवली तरी ती बदलून मिळते. कीस्टोअर (की ठेवलेली फाइल) आणि त्याचा पासवर्ड मात्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावा.

अनुस्वार:
माहिती योग्य आहे, पण प्रश्न आयफोनचा आहे.

निशाचर:
बाण दिसत नाही. सर्टिफिकेट सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तयार झाले होते, आणि तो रजेवर असून फोन उचलत नाही. बिल्डसाठीच्या मॅक मिनीवर साइनिंग व्यवस्थित होते, पण तिथे एक्सकोड जुने असल्यामुळे ही आवृत्ती बिल्ड होत नाही.

रोखठोक:
मग एवढा घोळ कशाला? जुने सर्टिफिकेट रद्द करून नवे काढावे. ॲप स्टोअरवर आधीच असलेल्या ॲपला त्याने धक्का लागत नाही.

अनुस्वार:
ॲपला लागत नाही हे खरे, पण त्या सर्टिफिकेटवर बेतलेली प्रोफाइल बाद होतात आणि मॅक मिनीवरचे बिल्ड उद्या सकाळी थांबतात. शिवाय हा सल्ला सरसकट देणे धोक्याचे आहे, कारण एंटरप्राइझ खात्यातून कर्मचाऱ्यांना वाटलेली ॲप सर्टिफिकेट रद्द होताच चालेनाशी होतात. मॅक मिनीवर साइनिंग होते म्हणजे प्रायव्हेट की तिथे आहे, हे पहिल्याच संदेशात कळले असते तर बरे झाले असते. तिथून सर्टिफिकेट आणि की एकत्र निवडून पी-१२ फाइल (दोन्ही एकत्र ठेवणारी, पासवर्डने बंद केलेली फाइल) एक्सपोर्ट करावी, तिला भक्कम पासवर्ड द्यावा आणि तो पासवर्ड फाइलसोबत त्याच चॅटवर पाठवू नये. हे काम एसएसएचवरून (दुरून फक्त लेखी आज्ञा देऊन) न करता स्क्रीन शेअरिंगने करावे, कारण कीचेन पडद्यावर परवानगी मागते.

मावळा_८६:
दर नव्या लॅपटॉपमागे पी-१२ फिरवत बसण्यापेक्षा फास्टलेन या बिल्ड स्वयंचलित करणाऱ्या साधनातले मॅच वापरावे. सर्टिफिकेट, की आणि प्रोफाइल एन्क्रिप्ट होऊन एका खासगी गिट रिपॉझिटरीत (फाइलींच्या सामायिक साठ्यात) राहतात आणि प्रत्येक मॅक तिथूनच घेतो. आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला केवळ वाचण्याचा अधिकार देतो, म्हणजे नवे सर्टिफिकेट काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

रोखठोक:
आणि मॅचचा पासफ्रेज (साठा उघडण्याचा पासवर्ड) कोण सांभाळणार? तो बिल्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिलेला मी पाहिला आहे. त्यापेक्षा एक्सकोड १३ पासून आलेले क्लाउड साइनिंग घ्यावे, त्यात डिस्ट्रिब्युशनची प्रायव्हेट की ॲपलच्याच सर्व्हरवर राहते आणि कोणाच्याही लॅपटॉपवर उतरत नाही.

मावळा_८६:
पासफ्रेज उघडा लिहिणे हा मॅचचा दोष नव्हे. क्लाउड साइनिंगसाठीही खात्यात तशी परवानगी असलेला माणूस किंवा एपीआय की (माणसाऐवजी प्रोग्रामला खात्यात प्रवेश देणारी की) लागतेच, म्हणजे सांभाळण्याचे गुपित बदलले, संपले नाही.

निशाचर:
मॅक मिनीवरून पी-१२ मिळाली. नव्या मॅकवर बाण आणि त्याखाली की, दोन्ही दिसतात. आता साइनिंग करताना कीचेनचा पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जातो आहे.

अनुस्वार:
तिथे मॅकचा लॉगिन पासवर्ड द्यावा, पी-१२ चा नव्हे, आणि ‘ऑलवेज अलाउ’ दाबावे. ॲपमध्ये एक्स्टेन्शन किंवा फ्रेमवर्क असतील तर प्रत्येक भाग स्वतंत्रपणे साइन होतो, म्हणून तोच प्रश्न अनेकदा येतो.

निशाचर:
आर्काइव्ह (पाठवण्याजोगे अंतिम बिल्ड) झाले, अपलोड सुरू आहे. मॅचचे सोमवारी पाहतो. रिपॉझिटरी कंपनीच्या खात्यात ठेवावी की वेगळ्या, हे मावळा यांनी सांगावे.