२४ आठवड्यांनंतर कायद्याने कोणाची बाजू घ्यावी?

सांजवारा: गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची परवानगी मिळते, पण गर्भ धडधाकट आणि बाईची तयारी नाही, तर मिळत नाही. हे कोडं सुटत नाही. गर्भाला जगण्याचा हक्क असेल तर व्यंग असलेल्याला का नाही? आणि नसेल, तर बाईला अडवायचं कशाच्या जोरावर?

उंबरठा: मुळात आपल्याकडे गर्भपात हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ बघा, बाईने स्वतः केला तरी लागू. १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा म्हणजे त्याला दिलेला अपवाद. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २४ पर्यंत दोघांचं, तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली अशा ठरावीक गटांना. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहितांनाही धरलं. पुढे दोनच वाटा: मेडिकल बोर्डाने, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या सरकारी मंडळाने, मोठं व्यंग असल्याचं सांगितलं तर, किंवा बाईच्या जिवावर बेतलं तर. गर्भाच्या हक्काचंही तसंच अर्धंमुर्धं. हिंदू वारसा कायद्यात पोटातल्या मुलाला वाटा मिळतो, पण जिवंत जन्मलं तरच.

पाऊलखूण: ऑक्टोबर २०२३चं प्रकरण वाचा. २६ आठवडे, दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू. सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, बाळ जगू शकतं, त्याचं हृदय थांबवायचं का? दोन न्यायाधीशांत मतभेद झाले आणि तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली. हृदय थांबवायचं म्हणजे सोनोग्राफीत बघत सुई थेट गर्भाच्या हृदयात घालून पोटॅशियम क्लोराइड सोडतात. तसं केलं नाही तर बाळ जिवंत जन्मू शकतं, अपुऱ्या फुप्फुसांचं, डोळ्यांना आणि मेंदूला धोका असलेलं. अशा बाळावर उपचार करायचेच, आईवडील सांभाळणार नसतील तर सरकारने जबाबदारी घ्यायची, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. त्या टप्प्यावर मी गर्भाच्या बाजूने आहे. व्यंगाची सूटही जगूच न शकणाऱ्या बाळापुरती हवी.

सांजवारा: पण व्यंग इतक्या उशिरा का कळतं?

ओवी: व्यंग बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी. ती २२व्यात झाली, हृदयाबद्दल शंका आली, की फीटल इको (गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी), गर्भजल तपासणी. गुणसूत्रांच्या अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. चोवीस तिथेच उलटतात. नियमाने बोर्डाने ३ दिवसांत मत द्यायचं असतं, पण तिथे नकार मिळाला की उच्च न्यायालय. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३३व्या आठवड्यात परवानगी दिली. व्यंग गंभीर असूनही दिवस फार गेले म्हणून बोर्ड नको म्हणत होतं. न्यायालय म्हणालं, निर्णय बाईचा, बोर्डाचा नव्हे.

पाऊलखूण, 'जगू शकतं' हे कुठे? मुंबईतल्या नवजात अतिदक्षता विभागात जगणारं बाळ गडचिरोलीत जगेलच असं नाही. म्हणून ती रेषा मला गर्भाच्या हक्काची वाटत नाही, सोयींची वाटते. पण कायदा आहे तसा आहे तोवर ज्यांच्यावर वेळ आलीये त्यांनी अहवाल हाती येईल त्याच दिवशी बोर्डाकडे अर्ज द्या, सोबत पहिली सोनोग्राफी जोडा. आठवडे त्यावरूनच नक्की होतात.