५ − (−३) : वजा, उणे, ऋण की सरळ मायनस?

खडूफळा : सहावीच्या गणिताचे ध्वनिपाठ लिहितेय. मुलांसमोर पान नसेल, फक्त आवाज असेल. ५ − (−३) मी 'पाच वजा उणे तीन' असं लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी 'पाच वजा वजा तीन' केलं. म्हणाले, उणे काय नि वजा काय, एकच. मला पटत नाही. एक क्रिया आहे, दुसरं संख्येचं चिन्ह. वर्गात दोन्हीला 'मायनस' म्हणतात, मग मुलांना 'मायनस मायनस प्लस' आठवतं आणि −३ − ५ चं उत्तर ८ येतं. तो नियम गुणाकाराचा, पण सूर लक्षात राहतो, जागा राहत नाही. तुमच्याकडे काय म्हणायचे?

अनुस्वार : उणेच. बातम्यांत द्रासचं तापमान 'उणे वीस अंश' असतं, 'वजा वीस' कोणी म्हणतं का? वजा हा वर्ज्यचा अपभ्रंश. वगळायचं ते वर्ज्य, म्हणून तो क्रियेला.

हिशेबनीस : वर्ज्य कुठून काढलंत हो? वजा अरबी, फारसीमार्गे आलेला. बाकीसुद्धा अरबीच. म्हणजे अख्खी वजाबाकी तिकडची, आणि आमच्या खतावण्यांत ती सुखाने नांदली. उलट उणे आलं संस्कृत 'ऊन'वरून. एकोणीस म्हणजे वीसला एक ऊन. मग उणे हीसुद्धा मुळात क्रियाच झाली की! 'वीस उणे एक' सर्रास म्हणतात. ते फक्त चिन्हाला राखून ठेवायचं, हे आपण आज ठरवतोय.

तिरकस : एकोणीस निघालं, आता २०१९ निघणार.

अनुस्वार : निघायलाच हवं. बालभारतीने तेव्हा दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' आणलं, तेव्हाच ओरडलो होतो. त्या हिशेबाने एकोणतीस 'वीस नऊ' होतो. न शिकवता कानावर पडणारं उणे तिथेच गेलं.

हिशेबनीस : एकोणतीस म्हणताना कुठलं मूल तिसातून एक वजा करतं? जोडाक्षरांत अडकणाऱ्या पोरांना 'वीस नऊ' सोपं जात असेल तर जाऊ दे.

पेडणेकरीण : आमच्या कोंकणीत उणें म्हणजे कमी, रोजचा शब्द. मीठ उणें, पैसे उणे. खडूफळाताई, ऐकायचाच पाठ आहे तर चिन्हं वाचताच कशाला? 'पाचातून उणे तीन वजा करा' म्हणा. क्रिया क्रियापदात गेली की गोंधळ कमी होतो.

अनुस्वार : शुद्धच हवं असेल तर 'ऋण तीन'. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण हेच शब्द वापरून नियम दिलेत. शून्यातून ऋण वजा केलं की धन, हेसुद्धा त्यात आहे.

खडूफळा : ऋण म्हटलं की दुसरीच चूक सुरू होते. सात रुपयांची उधारी तीन रुपयांच्या उधारीपेक्षा मोठी, म्हणून −७ ही −३ पेक्षा मोठी. मुलं भांडतात यावर, आणि उधारीच्या हिशेबाने त्यांचं खरंच असतं. संख्यारेषेवर डावीकडची लहान, हे नंतर कितीही सांगा. शिवाय पुढे बीजगणितात −अ दिसला की ती ऋण संख्याच, अशी खात्री. अ = −४ असेल तर −अ म्हणजे ४, हे नववीतल्यांनाही खपत नाही.

हिशेबनीस : भास्कराचार्यांची सोय बरी होती. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. चिन्ह आणि क्रिया एकमेकांच्या अंगावर येतच नाहीत.

तिरकस : ध्वनिपाठात टिंब कसं ऐकू येणार, तेवढं सांगा.

हिशेबनीस : पाठात नाही, वहीत म्हणतोय. हल्ली काही पुस्तकं ऋणचिन्ह आकड्याच्या वर डावीकडे बारीक काढतात, ते त्याच जातीचं.

अनुस्वार : टिंब चालेल, पण वजा अरबी हे एवढ्या ठामपणे सांगताय, तर वर्जणे हा शब्द मराठीत आधीपासून आहे त्याचं काय?

हिशेबनीस : आहे ना. त्याचं वर्ज्य झालं, वर्जित झालं. वजा कुठे झालं?

खडूफळा : पेडणेकरीण, तुमचं वाक्य घेतलंय. पण त्याच पाठात −३ − ५ आहे, तिथे 'उणे तीनमधून पाच वजा करा' ठेवलं तर सर म्हणतात, फार लांबतं. त्यांना आता 'मायनस' हवंय.

अनुस्वार : मायनस?! मग 'वीस नऊ' काय वाईट होतं!

तिरकस : हे तुम्ही म्हणताय?