कापडी बाहुलीची मान कलते, उपाय सांगा

प्रश्न

गेले सहा महिने मी कापडी बाहुल्या शिवते आहे. मशीन नाही, सगळं हातशिलाईचं. नऊ बाहुल्या झाल्या आणि त्यातल्या सात जणींची मान कलली. शिवून झाल्यावर एक-दोन दिवस छान ताठ बसतात. मग मुलीच्या हाती गेल्या की डोकं छातीवर येतं आणि मानेशी आडव्या चुण्या पडतात. मुलगी म्हणते, "हिला झोप आलीय." मला मात्र फार वाईट वाटतं, एकेका चेहऱ्यावर माझे तीन-चार दिवस गेलेले असतात.

माप असं: उंची 40 सेंमी, डोकं 11 सेंमी, मान 3 सेंमी रुंद. डोकं, मान, धड सलग कापते. कापड जुन्या सुती चादरीचं, आत पॉलिएस्टर फायबर, डोळ्यांना बटणं. मानेत लाकडी काडी घाल असं कुणीतरी सुचवलं. घालू का?

उत्तर

काडी नका घालू, ताई. मुलगी बाहुलीला कुशीत घेऊन झोपणार. काडी मोडली तर टोक शिवणीतून बाहेर येतं. नाही मोडली तरी आतल्या आत फिरत राहते आणि मान कलायची ती कलतेच.

आधी एक करून बघा. कललेल्या बाहुलीची मान अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. दोन्ही बोटं जवळजवळ टेकली, तर मान पोकळ आहे असं समजा. माझ्याही सुरुवातीच्या बाहुल्यांचं हेच व्हायचं. आपण डोकं गच्च भरतो, मग धड भरतो, आणि दोन्ही भरणांची हद्द नेमकी मानेत येते. तिथे एकसंध असं काहीच नसतं. नवं फायबर फुगलेलं असतं म्हणून दोन दिवस भागतं. चार वेळा दाबलं गेलं की ते बसतं, आणि अख्ख्या डोक्याचं ओझं त्या पोकळीवर येतं.

मी काय करते सांगते. डोकं पाऊण भरते, मध्ये खळगा ठेवून. मग फायबरची घट्ट वळकटी करते, मानेत जेमतेम सरकेल इतकी जाड आणि हाताच्या बोटाएवढी लांब. ती अर्धी डोक्याच्या खळग्यात आणि अर्धी छातीत जायला हवी. ती बसली की तिच्याभोवती पिंजलेल्या फायबरचे छोटे छोटे पुंजके पेंटब्रशच्या मागच्या टोकाने दाबत जायचे, आधी डोक्यात, मग मानेत, शेवटी खांद्यांत. मुठीएवढा गोळा एकदम कोंबला की बाहेरून गुठळ्या दिसतात. आता पुरे झालं असं वाटेल, त्यानंतरही मानेत बरंच मावतं. चिमटीत धरल्यावर ती खोडरबरासारखी लागली पाहिजे.

फायबरऐवजी सुती पट्टी घट्ट गुंडाळून घातली तर आणखी बरं, ती दबत नाही. चिंध्या म्हणजे कमअस्सल असं मनात आणू नका. इजिप्तमध्ये मिळालेली रोमन काळातली एक बाहुली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तागाच्या कापडाची. तिच्या आत चिंध्या आणि पपायरसच भरलेले आहेत.

तुमची मान मुळात बारीकही आहे. सपाट 3 सेंमीची मान भरून गोल झाली की तिची जाडी 2 सेंमीसुद्धा उरत नाही. डोकंही भरल्यावर आकसतं, पण त्या मानाने कमी. म्हणून कागदावर शोभणारी मान प्रत्यक्षात काटकुळी होते. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर ठेवलेलं जादा कापड, न धरता साडेचार सेंमी ठेवा. कागदावर बैलाची मान वाटेल, वाटू द्या.

चुण्यांचं कारण वेगळं असणार. मान जिथे खांद्याकडे वळते तिथे मायेला कात्रे, म्हणजे कात्रीचे छोटे छेद, दिले होते का? तो आतला बाक आहे. टाक्यापासून दोन मिलिमीटरवर थांबतील असे चार-पाच बारीक कात्रे दिल्याशिवाय कापड उलटवल्यावर मोकळं होत नाही, ओढ बसते. आणि चादरीचा मधला भाग घेऊ नका, तो झिजून विरळ झालेला असतो. कडेचं कापड घ्या, उभा धागा डोक्यापासून पायाकडे ठेवून. तुकडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, पडला तर मान रोज थोडी लांबत जाते.

आणखी एक उत्तर

वरचं सगळं पटलं. फक्त मी डोकं वेगळं शिवते. मान धडाबरोबर भरून घ्यायची, डोक्याच्या मागच्या बाजूला खाली चीर ठेवून मान आत दोन सेंमी खुपसायची, आणि दुहेरी दोऱ्याने शिडीटाक्याचे (दोन्ही कडांत आलटून पालटून घेतलेला, ओढला की लपणारा टाका) दोन फेरे घ्यायचे. वेळ जास्त लागतो, पण डोकं थोडं तिरपं बसवून बघता येतं, चेहऱ्यावर लगेच भाव येतो.

बटणांबद्दल मात्र बोलायलाच हवं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बटण नकोच. खेळण्यांच्या तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. जो सुटा भाग तिच्यात पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, असं धरतात. आपलं नेहमीचं बटण त्यात सहज मावतं. दोरा कितीही पक्का असू द्या, चावून चावून तुटतो. डोळे भरतकामाने करा. आधी दोन टाचण्या टोचून जागा ठरवा, चेहऱ्याच्या निम्म्यापेक्षा जरा खाली. तिथे डोळे आले की चेहरा लहान मुलाचा दिसतो. जागा ठरली की टाचण्या मोजून काढा.

प्रश्न विचारणारीकडून

दोघींचे मनापासून आभार. काल रात्री सर्वांत जास्त कललेली बाहुली घेतली आणि पाठीची शिवण पाच सेंमी उसवली. बोट थेट मानेतून डोक्यापर्यंत गेलं, मध्ये काहीही नव्हतं! चादरीच्या कडेची पट्टी गुंडाळून आत बसवली आणि भोवती फायबर दाबत गेले, पाऊण तास लागला. कात्रे दिलेच नव्हते, त्यामुळे चुणी राहिली आहे. ती पुढच्या बाहुलीत सुधारेन.

धाकटा दीड वर्षाचा आहे. आज दुपारी नऊही जणींची बटणं उसवली, अठरा मोजून डबीत ठेवली. एकीचे डोळे काळ्या दोऱ्याने भरून झाले, आठ जणी रांगेत आहेत. मुलीने सकाळी दुरुस्त केलेली बाहुली उचलली, खांद्यावर घेतली, आणि मला येऊन सांगितलं, "उठली ही."