मदत हवी आहे : काजू ड्रायरच्या दरवाज्याला सिलिकॉन पट्टी कुठली?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे. ड्रायरच्या दरवाज्याची काळी रबरी पट्टी कडक होऊन तडकलीय. गरम हवा कोपऱ्यातून बाहेर जाते आणि खालच्या ट्रेमधला गर ओलसर राहतो.

आतलं तापमान ७०-८० अंशांपलीकडे जात नाही. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत आरामात टिकतं, त्यामुळे उष्णतेची चिंता नाही. प्रश्न आहे भरीव पट्टी की स्पंज? पत्र्याचा दरवाजा थोडा वाकलाय (खाऱ्या हवेत काय सरळ राहतं म्हणा!), म्हणून मऊ, बंद पेशींचा (आतली छिद्रं एकमेकांना न जोडलेला) स्पंज बरा वाटतो. पण रोज दाबून तो कायमचा चपटा होतो का? किती दाब ठेवता? फूडग्रेड तर हवंच.

दुसरं, काजू बी वाफवायच्या कुकरचं झाकण. फॅब्रिकेटर म्हणतो, तिथेही सिलिकॉनच लावा. मला पटत नाही. दाबाखालच्या वाफेत सिलिकॉन हळूहळू खराब होतं, तिथे ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) चांगलं. पण ईपीडीएमचं तेलाशी जमत नाही आणि टरफलातून तेल सुटतंच. कुणी दोन्ही वापरून पाहिलंय का?

साधा रबर सोल्युशन सिलिकॉनला धरत नाही, म्हणून आरटीव्ही (साध्या तापमानाला सुकून घट्ट होणाऱ्या) सिलिकॉन सीलंटने चिकटवायचा विचार आहे. की पट्टी खाचेत दाबून बसवणंच बरं? कुडाळ किंवा कोल्हापूरला मीटरवर कापून देणारं दुकान माहीत असेल तर तेही सांगा. हंगामाआधी काम उरकायचंय.